समुद्राचा समन्वय

ऑफिसातल्या जळफळाटाचे किस्से काढायला बसलो, तर माझा स्टॉक संपत नाही. संपणार कसा? जळणाऱ्यांत माझाच पहिला नंबर होता.

ऐंशीच्या दशकात आमचं ऑफिस अंधेरीला होतं. मासेमारी माझ्याकडे, बंदर दळवीबाईंकडे, पर्यटन प्रभूकडे. वर्सोव्यापासून मनोरीपर्यंतच्या समुद्राचा एकच आराखडा करा, असा वरून हुकूम आला. जाळी कुठे, बोटी कुठे, हॉटेलं कुठे, हे मिळून ठरवायचं. त्यावर एक समन्वयक नेमणार होते आणि ती खुर्ची तिघांनाही हवी होती.

*

पहिल्याच मीटिंगला प्रभूने नकाशा रंगवायला निळी पेन्सिल उचलली. दळवीबाई म्हणाल्या, "पाणी आमचं. तुम्ही पिवळी घ्या, वाळूची." मी हसलो. प्रभू दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

*

एकदा साहेब प्रभूच्या खांद्यावर हात ठेवून अख्खा कॉरिडॉर चालले. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "अहो, त्यांचा गुडघा दुखतो. आधाराला धरलं असेल."

मग माझा खांदा काय वाईट होता?

*

दळवीबाईंना समन्वयच नको होता. प्रत्येकाने आपापला समुद्र सांभाळावा, हे त्यांचं मत. साहेबांनी विचारलं, "आणि लाट आली, तर ती कोणाची?"

"खोलीवर अवलंबून आहे, सर."

*

शेवटी साहेब वैतागले. "सगळे एकत्र मनोरीला जाऊ, तिथल्या कोळ्यांशी बोलू. समन्वयकाचं नावही तिथेच सांगतो."

साहेब आपल्याच होडीत बसावेत म्हणून मी खाडीच्या अलीकडे, मार्व्याच्या धक्क्यावर होडी सांगून ठेवली होती, आत गादीही घातली होती. जाऊन बघतो तर प्रभूचीही होडी हजर, दळवीबाईंचीही. साहेब आपली काळी छत्री घेऊन टपरीवर चहाला गेले होते. मी होडीवाल्याशी बोलून वळेपर्यंत प्रभूची होडी निघालीसुद्धा, आणि तिच्यात काळी छत्री उघडलेली! साहेबांना पळवलंन मेल्याने. "मार रे, त्याला गाठ," मी होडीवाल्याला म्हणालो. मला सुटलेला बघून मागून दळवीबाईही सुटल्या.

मनोरीला उतरलो. छत्रीखाली एकटा प्रभू. मला म्हणाला, "साहेब तुझ्याकडे ना?" मी दळवीबाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

तेवढ्यात मार्व्याहून रोजची फेरीबोट लागली. मासे विकून परतलेली तिथली कोळीण काशीबाई रिकामी पाटी घेऊन उतरली.

"तुमचा साहेब तिकरं धक्क्यावर बसलाय," ती म्हणाली. "मी म्हटलं, चल आमच्यासंगती. तं म्हनतो, नको, माझ्यासाठी तीन होड्या आल्यात."