उंच गाडीची सीट

आमच्या गल्लीतल्या त्या माणसाला कुणाची गाडी उभी दिसली की हात आवरत नाहीत. तुम्ही बोलत असता आणि तो खाली बसून तुमच्या गाडीची चेन बोटानं उचलून बघत असतो. "लई ढिली हाय," म्हणतो आणि खिशातून पाना काढतो. स्वतःची उंच मोटारसायकल त्यानं शेतरस्त्यांसाठी घरीच बदलून घेतलीय. हळद शिजवायच्या जुन्या कढईचा पत्रा कापून इंजिनाखाली बसवलाय, हँडलला ट्यूबचं रबर गुंडाळलंय. मला त्याचं हे न विचारता हात घालणं आगाऊ वाटायचं.

समोरच्या घरातला तरणाताठा माणूस वारला, तेव्हा आम्ही सगळे ओसरीत माना खाली घालून बसलो होतो. हा मात्र अंगणात, गेलेल्याच्या तसल्याच उंच गाडीपाशी. त्यानं पान्यानं तिची सीट खोलली आणि काखोटीला मारून चालता झाला.

"याला काही काळवेळ?" कुणीतरी पुटपुटलं. माझ्याही मनात तेच होतं.

तेरावं झालं आणि सीट परत आली. आतला फोम कापून त्यानं ती चांगली चार बोटं खाली आणली होती.

"काहून कापली?" मी विचारलं.

"हळद काढायला आलीय. वावरात तर जावंच लागंल," तो चेनला तेल सोडत म्हणाला. "गाडी येती वहिनीला. नुसते पाय पुरत न्हवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलेल्याची बायको बाहेर आली, गाडीवर बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले, तेव्हा कुठं तिनं मान वर करून गल्लीकडे पाहिलं.