ईशान्येचा खड्डा

सुमनकाकूंनी मला जगवलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकल्यावर माझ्या तोंडी त्यांचं नाव तुम्हाला सहन होणार नाही.

आजवर मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल. आणि रविवारला आता दिवस कमी उरलेत.

मी हिंगोलीकडचा. सातवीत शाळा सुटली — सुटली कसली, सोडली — आणि बांधकामाच्या टोळीबरोबर फिरत फिरत जुन्नर तालुक्यात राजुरीला आलो. चोविशीत होतो. तिथं कावीळ झाली. टोळी पुढच्या कामावर निघून गेली. आजारी माणसाला कोण ओढत नेणार? बबनतात्यांच्या कांद्याच्या बराखीत मी पडून राहिलो. तात्या जागेचे मालक, सुमनकाकू त्यांच्या मंडळी. माझं त्यांचं नातं काय? काहीच नाही. तरी एकवीस दिवस काकूंनी मला दोन वेळ मऊ भात भरवला. "गिळ रं गजा. मेलास तर तुझ्या आईला काय सांगू? मला तिचा पत्ता बी ठावं न्हाई," असं म्हणायच्या आणि वर हसायच्या.

बरा झालो तसं तात्यांनी मला गोठा बांधायला दिला. मग कुंपणाची भिंत. आणि मग म्हणाले, नवं घर काढायचंय, गजाच बांधील. भावकीनं विरोध केला. शहरातला एक ठेकेदार रोज चकरा मारत होता. तात्या बधले नाहीत. माझं पहिलं घर! पायापासून छतापर्यंत सगळं माझ्या भरवशावर.

आता सांगतो.

जेसीबीनं कॉलमचे बारा खड्डे काढले. अकरा खड्ड्यांत पाच फुटांवर मुरूम लागला. बारावा ईशान्येचा. तो सहा फूट गेला, सात गेला — काळी मातीच. काळी माती पावसात फुगते, उन्हात आखडते आणि वरच्या घराला हलवते. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? माझ्या गावाला सगळी काळीच जमीन. फाटलेल्या भिंतींच्या घरात मी लहानाचा मोठा झालोय.

जेसीबी दुसऱ्या गावाला विहिरीच्या कामावर गेला होता, चार दिवस येणार नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पायाभरणी. पूजा मांडायची ती ईशान्येलाच. पाव्हण्यांना निरोप गेलेले.

तात्या, चार दिवस थांबा — एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. पण वाटलं, भावकी म्हणेल, बघा, याला काय कळतंय! तो ठेकेदार येईल आणि मी पुन्हा टोळीतला गडी होईन. दुपारी माणसं जेवायला गेली तसा मी खड्ड्यात उतरलो. मधोमध दोन चपटे दगड बसवले. शेजारच्या ढिगातला मुरूम त्यावर पसरला, पाणी मारलं, धुमसानं ठोकून ठोकून पक्का केला. अर्ध्या तासात काम झालं. वरून बघाल तर अस्सल मुरूम.

इकडं एक रीत आहे. पूजा झाली की मालकानं स्वतः खड्ड्यात उतरून पहार मारायची. खाली मुरूम असला तर ती खणकन वाजते, माती असली तर भद्दकन रुतते. तात्या उतरले. वरून त्यांचा मेव्हणा ओरडला, "दाजी, परमुलखातला मिस्तरी हाये. एकदा न्हाई, दोनदा मारा!"

"दोनदा कशाला, चार येळा मारतो की!" तात्या म्हणाले.

मीही त्यांच्याबरोबर खड्ड्यात होतो. कडेला, जिथं दगड नव्हते, तिथं मी पाय रोवून उभा राहिलो — त्यांना तिथं पहार मारता येऊ नये म्हणून. तात्यांनी मधोमध चार वेळा मारली. चारही वेळा वाजली.

"ऐकलं का पावणं? कसं खणखणीत वाजतंय!" तात्या वर बघून म्हणाले आणि पायाचा नारळ त्यांनी माझ्या हातात दिला. घरधन्याचा मान, मला. मी तो फोडला.  कसा फोडवला, हे मला अजून कळलेलं नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्याच ईशान्येच्या कोपऱ्यात, काकूंच्या स्वयंपाकघरात खिडकीपासून खाली तिरकी भेग पडली. "ह्यात माझं बोट जातंय बघ गजा," काकू म्हणाल्या. तात्यांनी विचारलं, "कशानं रं झालं?" त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर जांभूळ होतं.

"मुळं, तात्या," मी म्हणालो. "जांभळाची मुळं पायाखाली शिरलीत."

ते रोप काकूंनी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माहेराहून, घाटघरहून आणलं होतं. एसटीत मांडीवर धरून.  काकू म्हणाल्या, "घरापरीस झाड मोठं न्हाई. तोडा." आणि खुरपं घेऊन रानात गेल्या.

खोड मीच उकरून काढलं. एकही मूळ घराकडं आलेलं नव्हतं. एकसुद्धा नाही. मी भराभर माती लोटली.

मग भेग तारेची जाळी मारून बुजवली आणि त्या भिंतीवर तळापासून वरपर्यंत सागवानी कपाट बसवलं. सुतारकाम मी तोवर शिकलो होतो. आजवरचं माझं सगळ्यात सुबक काम तेच, हे सांगायलाही लाज वाटते. मजुरी घेतली नाही. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून कपाट दाखवायच्या.

पण कोपरा खचतच राहिला. चौकट तिरकी होते, कपाटाचं दार अडतं. म्हणून दर दिवाळीला मी राजुरीला जातो आणि दाराची कड तासून देतो. काकूंना वाटतं, मी मायेनं येतो. "दुसऱ्यांची पोरं फराळाला येत्यात, माझा गजा रंधा घिऊन येतो," असं शेजारणींना सांगतात. मी मान खाली घालून रंधा मारत असतो. माया नव्हती का? होती. पण कुणी फळी काढून मागं बघू नये, ही भीतीही होती. कुठली जास्त होती, ते मला विचारू नका.

मी आलो तेव्हा शाळेत जाणाऱ्या तात्यांच्या पोराचं आता लग्न ठरलंय. परवा तात्यांचा फोन आला — "गजा, वर दोन खोल्या काढायच्यात. दुसरं कुणी नको, तूच. रयवारी माप घ्यायला ये." नारायणगावच्या एका इंजिनिअरला मी विचारून आलो. एका ओळखीच्याचं घर आहे म्हणालो — तिथंही खोटंच. तो म्हणाला, त्या कोपऱ्यावर एक वीटसुद्धा चढवू नका. आधी वरचा भार टेकूंवर घेऊन खालचा पाया मुरमापर्यंत न्यावा लागेल. नाहीतर एखाद्या पावसाळ्यात कोपरा खाली येईल. त्या कोपऱ्याखाली काकू पहाटेपासून उभ्या असतात. चुलीपाशी.

तेव्हा मी भ्यालो होतो, वय लहान होतं, घर लांब होतं — हे सगळं खरं आहे. पण खड्ड्यात मी उतरलो, आणि झाड मी पाडायला लावलं.

रविवारी मी जाईन. माप घ्यायच्या आधी दोघांना समोर बसवून सांगेन. ते मला हाकलतील, गावात उभं करणार नाहीत; तो त्यांचा अधिकार. दुसऱ्या कुणाकडून कोपरा नीट करून घ्यायचा म्हणाले, तर त्या माणसाच्या हाताखाली घमेली उचलीन. मला ठेवलं, तर मुरूम लागेपर्यंत मीच उकरीन, मग तो दहा फुटांवर लागो की पंधरा.

काकू, तुम्ही मला जगवलंत. ते मी फेडीन. कधी आणि किती फिटेल ते माहीत नाही, पण फेडीन.