चंपतरावांचा हात

नागपुरात नंदनवन भागातल्या त्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा चंपतराव धकात्यांनी घरोघरी पेढे वाटले होते. खड्डे गेले, चिखल गेला. रस्ता मात्र एवढा उंच झाला की त्यांच्या घराचं दार दोन पायऱ्या खाली राहिलं.

"आता आपन विहिरीत राहातो," गोपिकाबाई म्हणाल्या होत्या. "कोनाले भेटाचं तं आधी वर या."

तेव्हा त्या दोन पायऱ्या त्या सहज चढत. त्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांची डावी बाजू गेली. हात परत आला, बोलणं परत आलं, पण पाय अर्धाच आला. उरलेला पाय त्या ओढत न्यायच्या, ओल्या पोत्यासारखा.

गुळगुळीत रस्त्याची खबर पोरांना द्यावी लागत नाही. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायला ही गल्ली बरी पडते हे कॉलेजच्या पोरांना कळलं, मग डबे पोचवणाऱ्यांना कळलं, मग सगळ्यांनाच. संध्याकाळी गाड्या या टोकाकडून त्या टोकाकडे अशा जायच्या की चंपतरावांना मागावरचा धोटा आठवायचा. फरक इतकाच की धोटा गेला-आला की मागे कापड राहतं.

मागावर त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. उमरेडला वडिलांच्या मागावर, नंतर नागपुरात दुसऱ्यांच्या. खड्ड्यात पाय सोडून, मान खाली घालून. साड्यांचे काठ त्यांचे आणि नाव दुकानाचं. मग एकेक माग बंद पडला, लाकूड सरपणात गेलं, आणि चंपतराव एका शाळेच्या फाटकावर चौकीदार झाले.

तिथे त्यांना फिकट निळा शर्ट मिळाला आणि शिट्टी मिळाली. शाळा सुटली की ते रस्त्याच्या मधोमध जायचे, शिट्टी फुंकायचे आणि उजवा हात आडवा धरायचे. ट्रक थांबायचे. बस थांबायची. एकदा दिव्याची सरकारी गाडी थांबली, आणि तिच्यासमोरून पहिलीतली पोरं बोटं धरून, पाण्याच्या बाटल्या हलवत, सावकाश गेली. ही गोष्ट चंपतराव आपल्या लग्नाच्या गोष्टीपेक्षा जास्त वेळा सांगायचे. जन्मभर ज्यांचं कोणी ऐकलं नव्हतं, त्यांच्या एका हातासमोर रस्ता उभा राहायचा. गाड्या शाळेसाठी थांबतात, हाताला बघून नाही, हे समजायला त्यांना ही गल्ली लागली.

समोर सिंधूताई राहायच्या. गोपिकाबाईंची आणि त्यांची मैत्री गल्लीत मुरूम होता तेव्हापासूनची. संध्याकाळी सिंधूताईंच्या ओट्यावर बसायचं, भाजी निवडायची, कोणाची सून काय म्हणाली ते ऐकायचं. आजारपणानंतर गोपिकाबाईंच्या दिवसात तेवढंच उरलं होतं. सकाळपासून त्या त्या वेळेची वाट पाहायच्या, आणि दुपार टळली की विचारायच्या, "अवो, झाला का टाइम?"

मग चंपतराव सुटलेल्या नोकरीतली, खुंटीवरची शिट्टी गळ्यात अडकवायचे, पायऱ्या चढून रस्त्याच्या मध्यावर उभे राहायचे, शिट्टी फुंकायचे आणि हात आडवा धरायचे. "चाल वं," म्हणायचे. गोपिकाबाई त्यांच्या हाताआडून पाय ओढत जायच्या. परत येताना पुन्हा तसंच.

गाड्या थांबायच्या, पण शिव्या देत. कोणी मागून शिट्टीची नक्कल करायचं. सिंधूताईंचा नातू हर्षित तर थांबल्यावर गाडी जागच्या जागी घुरघुरवायचा.

"काका, लाल झाला का सिग्नल? हिरवा कवा होते?"

"तुझ्या आजीची मैतरीन हाय गा ते. हळू चालव."

"हळूच हाय न, काका. तुमची काकूच लय स्लो हाय."

मागे बसलेले पोट्टे हसायचे. ओट्यावर सिंधूताईसुद्धा पदर तोंडाशी न्यायच्या. "पोट्ट्याची जीभच तशी हाय वं," त्या मग गोपिकाबाईंना सांगायच्या.

गल्लीत गाड्या हळू व्हाव्यात म्हणून चंपतरावांनी ब्रेकरसाठी सगळ्यांचे उंबरे झिजवले. नगरसेवकाच्या ऑफिसात त्यांना चहा मिळाला, पुढच्या सोमवारी या असं दर सोमवारी सांगितलं गेलं. शेजारी म्हणाले, ब्रेकर झाला तर रोज आमच्याच गाड्या आदळतील. एका बाईंनी तर स्पष्टच सांगितलं, "तुमच्या घरात एक मानूस लंगडं हाय म्हनून साऱ्या गल्लीनं कंबरडं मोडून घ्याचं का?" चंपतराव "बरं, ताई" म्हणून पायऱ्या उतरले. घरी येऊन त्यांनी गोपिकाबाईंना सांगितलं, "होऊन जाते म्हनाले."

पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, गावाची पीडा घेऊन जाणारी बाईच्या रूपातली पुतळी. इतवारीकडे मोठी मिरवणूक, आणि गल्लीबोळांत पोरांचे आपापले बडग्ये. बांबू आणि चिंध्यांचा हा पुतळा, वर्षभर ज्यानं छळलं त्याच्या रूपाचा. कधी महागाई, कधी डेंग्यूचा मच्छर. ओरडत, बडवत त्याला गावाबाहेर न्यायचं आणि जाळायचं.

हर्षित आणि दोघं जण दारात आले. पहिल्यांदाच पायऱ्या उतरून आले होते.

"काका, एखादा जुना शर्ट हाय का? बडग्याले पाहिजे."

"यंदा कोनाचा बडग्या गा?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. "गल्लीत गाडीवाल्यायले जो तरास हाय न, काका, त्याचा. साऱ्यायची इच्छा हाय."

चंपतरावांनी जे ऐकायचं तेच ऐकलं, गाडीवाल्यांचा त्रास. त्यांचे डोळे भरून आले. पोरांना कळलं होतं शेवटी. घरात जाऊन त्यांनी ट्रंक उघडली आणि फिकट निळा शर्ट काढला. पोलिसासारखा दिसतो, गाडीवाले घाबरतील, असं काहीसं त्यांच्या मनात होतं.

गोपिकाबाई खाटेवरून म्हणाल्या, "अंगातलं कापड बडग्याले देत नसते. माय सांगे माही. ज्याचं कापड त्याची पीडा."

"जुनं झालं आता ते. काहून घाबरतं?"

"देऊ नका म्हनून राहिली मी."

चंपतरावांनी तो दिला. वर पोरांना गुळशेंगदाणे दिले.

मारबतीच्या दिवशी ते दाढी करून, गोपिकाबाईंना पायऱ्यांच्या वर खुर्चीत बसवून, मिरवणूक बघायला उभे राहिले. डबे बडवण्याचा आवाज आधी आला. मग बडग्या आला. फिकट निळ्या शर्टाचा. त्याचा उजवा हात बांबूला बांधून आडवा केला होता. गळ्यात पुठ्ठ्याची भोपळ्याएवढी शिट्टी होती. मडक्याच्या तोंडावर चंपतरावांसारख्या पांढऱ्या मिशा चिकटवल्या होत्या. एका पोरानं पुतळ्याचा डावा पाय दोरीनं बांधला होता आणि तो रस्त्यावरून फरफटत आणत होता. नवरा-बायको दोघांचं एकाच पुतळ्यात भागवलं होतं.

"हात दाखवनाऱ्या बुढ्याले..."

"घेऊन जा गे मारबत!"

"ब्रेकर मांगनाऱ्या बुढ्याले..."

"घेऊन जा गे मारबत!"

गॅलऱ्यांमधून लोक हसत होते. मोबाइल वर झाले होते. ब्रेकरला नाही म्हणणाऱ्या बाई हसता हसता खाली वाकल्या. सिंधूताई ओट्यावर होत्या, आणि घेऊन जा गे म्हणताना त्यांचेही ओठ हलत होते. सवयीनं हलले असतील. दरवर्षीचंच ते ओरडणं.

चंपतराव हसले. काय करावं ते सुचेना म्हणून हसले. मग हर्षितनं पुतळ्याच्या त्या आडव्या हातावर काठी हाणली, हात मोडून लोंबला, आणि सगळी गल्ली टाळ्या वाजवू लागली.

"मले अंदर न्या," गोपिकाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपार टळली. गोपिकाबाईंनी विचारलं नाही. चंपतराव खुंटीकडे बघून आले, पाणी प्याले, पुन्हा बघून आले. शेवटी समोरून सिंधूताईंनीच हाक मारली, "ये वं गोपिका! वालाच्या शेंगा आनल्या!" गोपिकाबाईंचा चेहरा उजळला. राग धरून बसावं एवढं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच. "चाला," त्या म्हणाल्या.

शिट्टी खुंटीवरच राहिली. चंपतराव रस्त्याच्या मध्यावर गेले आणि त्यांनी हात धरला, पण पूर्ण नाही. कोपरातून, जरासा, जणू कोणाला वाट विचारत होते. गोपिकाबाई वर चढल्या. पाय ओढत निघाल्या.

टोकाकडून गाडी आली. तिच्यावर तिघं होते. कोण ते दिसायच्या आधीच ऐकू आलं, "हात दाखवनाऱ्या बुढ्याले..."

चंपतरावांचा हात खाली आला.

त्यांनी तो खाली केला नाही, तो आला. शरमेनं माणूस उघडं अंग झाकतो तसा. हात धोतराला पुसल्यासारखा झाला आणि तोंड दुसरीकडे वळलं. गाडीवाल्यांना वाटलं, बुढा हटला, रस्ता मोकळा झाला. "घेऊन जा गे मार..." एवढं होऊन आवाज तुटला.

गाडी थोडी डगमगली, सावरली आणि गेली. गोपिकाबाई रस्त्यावर बसलेल्या होत्या. आधी त्यांनी लुगडं नीट केलं. मग त्यांना उठता येईना.

खुबा मोडला होता, तोही चांगल्या पायाचा. दवाखान्यातून परत आल्यावर त्यांच्यासाठी चार पायांचं वॉकर आलं. डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात चालतील. बाहेर पडायचा विचार सोडून द्या.

सिंधूताई एकदा येऊन गेल्या. साबुदाण्याची उसळ आणली होती. खाटेशी बसून रडल्या, हर्षित नव्हता वं त्यात म्हणाल्या. कोणी विचारलं नव्हतं. जाताना दारात थांबल्या आणि चंपतरावांना, पण गोपिकाबाईंना ऐकू जाईल असं, म्हणाल्या, "तुमी हात नसता खाली केला, भाऊ, तं ते थांबले असते. मी पाह्यलं न ओट्यावरून."

त्या गेल्या. बाहेरून गाड्या जात राहिल्या. घर रस्त्याखाली असल्यामुळे खिडकीतून फक्त चाकं दिसायची.

दुपार टळली. गोपिकाबाईंना मोरीपर्यंत जायचं होतं. त्यांनी वॉकर पुढे ओढलं, उभ्या राहिल्या, आणि थांबल्या.

"अवो."

"काय वं?"

"हात करा."

चंपतरावांना समजेना. खोलीत खाट होती, पंखा होता, मोरीचं दार होतं.

"तिथं मधात उभे राहा," गोपिकाबाई म्हणाल्या. "आन् हात करा. पुरा."

ते खोलीच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात आडवा धरला. गोपिकाबाई त्याआडून निघाल्या. वॉकर टेकत, दम घेत, फार हळू. त्या रागावल्या होत्या की नव्हत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मध्यावर येऊन त्या थांबल्या आणि नवऱ्याच्या हाताकडे त्यांनी नीट पाहिलं.

"खाली नका करू," त्या म्हणाल्या. "मले वापस बी याचं हाय."

त्या मोरीत गेल्या. दार लोटलं. चंपतराव तसेच उभे राहिले.

आता रोज असंच चालतं. खिडकीतून चाकं जातात. कधी एखादं पोर जाता जाता शिट्टीची नक्कल करतं. आत चंपतराव हात आडवा धरून उभे असतात, आणि गोपिकाबाई मोरीतून यायला घाई करत नाहीत.