झिपऱ्या, इरफान आणि बिस्किटाच्या डब्यातले देव

आईशप्पथ खरं सांगतोय. म्हणजे माझ्या आईला विचारायला जाऊ नका, तिला यातलं काही माहीत नाही. जेवढं आठवतंय तेवढं शंभर टक्के खरं. जिथं आठवलं नाही तिथं मी भरलंय, पण भरलेलं खऱ्यापेक्षा जास्त पटतं.

आणि पक्या, तू आधी पैज लावली आहेस. तुझं म्हणणं, मी केस गळायला लागले म्हणून टोपी घालतोय. माझं म्हणणं, कारण वेगळंय. हरेल त्यानं सगळ्यांच्या चहा-क्रीमरोलचं बिल द्यायचं. ठीक?

तर मी बिबवेवाडीत बेघर कुटुंबांच्या निवारा केंद्रात काम करतो. एक मोठा हॉल, त्यात पडदे लावून केलेल्या फॅमिल्या. अशा ठिकाणी किस्से दारातल्या चपलांसारखे असतात. ढीग साठतो, आणि कुठली कुणाची ते सांगता येत नाही. मी माझ्या मापाच्या तेवढ्या उचलल्यात.

*

हॉलच्या बाजूला एक छोटी खोली होती. खिडकी, पंखा, कॉट. ती खोली माझी. म्हणजे कागदावर स्टोअररूम, पण कॉटवर आकार माझा पडलेला.

मग शेवंतामावशी आली. सोबत विधवा सून वंदना आणि नात पिंकी. घर रस्तारुंदीत गेलेलं. मावशीनं बाकी काही आणलं नव्हतं, पण एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा छातीशी धरलेला. आत लाल फडक्यात देवांचे टाक, म्हणजे पत्र्यावर ठोकलेल्या मूर्ती. खंडोबा, देवी, आणि एक इतका झिजलेला की त्याचं त्यालाच आठवत नसेल.

हॉलमध्ये देव मांडायला जागा कुठंय? कॉटखाली डबा ठेवला तर शेजारून लोकांचे पाय जातात. निरांजन लावलं तर पडदे पेटतील.

मावशी आमच्या मॅनेजर सुनंदाताईंसमोर उभी राहिली. "बाई, गावाकडं भावकी म्हनती शेवंताचं घर बुडालं. नवरा गेला, ल्योक गेला, आता भिंती बी गेल्या. पर देव मांडल्यालं असलं तर घर हाय. डब्यात ऱ्हायलं, की मग त्यांचंच खरं."

सुनंदाताई सदाशिव पेठेतल्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आपण त्या खोलीत काय करता?"

"स्टॉक बघतो."

"डोळे मिटून?"

संध्याकाळी देवांना खिडकी, पंखा आणि माझी कॉट मिळाली. मला जिन्याखालचं स्टूल! मी आयुष्यात बऱ्याच लोकांवर जळलोय, पण टाकांवर पहिल्यांदाच.

*

खोली मिळाली म्हटल्यावर शाहीनभाभी आल्या. नवरा रिक्षा चालवायचा, अपघातानंतर घरमालकानं काढलं. त्यांना नमाजाला जागा हवी होती. पण समोर मूर्ती असताना नमाज होत नाही, आणि मावशीचे देव परत डब्यात घालायचे नाहीत. झाला ना लोचा!

मी म्हटलं, आता दोघी भांडतील, खोली रद्द होईल, आणि मी कॉटवर. मी तर उशीसुद्धा काढून ठेवली होती.

मावशीनं शांतपणे आपल्या जुन्या लुगड्याचा पडदा देवांपुढं ओढला. "निजू दे त्यास्नी घटकाभर. तू कर तुझं."

मी उशी परत ठेवली.

आठवडाभर सगळं गोड. मग मावशीच्या लक्षात आलं, शाहीनभाभी दिवसातून पाच वेळा खोलीत जातात. मावशी तणतणत ऑफिसात. "तिचं पाच येळा, अन् माजं सकाळी येकदाच? माजा द्येव काय रजंवर हाय?"

त्या दिवसापासून मावशी पाच वेळा आरती करायला लागली. चौथ्या आरतीनंतर शाहीनभाभीच म्हणाल्या, "मावशी, आता बसा. तुमचा खंडोबा पण थकला असेल."

*

आमच्याकडं रोज वरणभात. चतुर्थीला उपवासवाल्यांसाठी साबुदाण्याची खिचडी. आधी तीनचार ताटं व्हायची. खिचडीत दाण्याचं कूट सढळ पडतं ही बातमी फुटली, आणि पुढच्या चतुर्थीला अख्ख्या हॉलला उपवास!

शाहीनभाभींचा छोटा अयान ताट घेऊन पहिला. "मेरी भी चतुर्थी है."

सुनंदाताईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. "अवश्य. आपण प्रत्येकाच्या श्रद्धेचा मान ठेवतो. मात्र ज्यांचा उपवास, त्यांनी चंद्रोदयापर्यंत काही खायचं नाही. आज ढग आहेत."

तेवढ्यात वरणभाताची रांग लागली. अयान तिथंही पहिला.

मग रमजान आला. पिंकीला अयानच्या खजुरांचा इतका हेवा वाटला की तिनंही रोजा धरला. अकरा वाजेपर्यंत कडक पाळला. अकरानंतर तिचा इफ्तार झाला, शाळेच्या डब्यात.

*

सगळ्यांना श्रद्धेपायी काही ना काही मिळतंय, मग मीच का सुटू? मी अर्ज... नाही, अर्ज नाही, तोंडीच सांगितलं. "ताई, मी मौनव्रत घेतोय. दुपारी दोन तास. त्या खोलीत. कॉट लागेल."

"फार छान," सुनंदाताई म्हणाल्या. "व्रत म्हणजे पूर्ण पाळायचं. मोबाईल इथं ठेवा. कॉट चालणार नाही, चटई घ्या. आणि मौन आहे, तेव्हा चहा हवा का असं आम्ही विचारणार नाही."

मी मांडी घालून बसलो. अर्ध्या तासानं पोरं येऊन रांगेत पाया पडायला लागली. एकीनं माझ्यापुढं नारळ ठेवला. अयाननं विचारलं, "दादा, परीक्षा है, पास होऊंगा क्या?" मला बोलता येईना, म्हणून मी मान हलवली.

तो नापास झाला. धर्म तिथंच बुडाला.

*

आता इरफान. माझा कलीग. विश्रांतवाडीहून येतो, स्वारगेटला बस बदलून, तरी इस्त्री मोडत नाही. माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो. पोरं त्याच्या गळ्यात, म्हाताऱ्या त्याच्या बाजूनं. मावशी त्याला "इरफानबाळा" म्हणायची. मला "ए झिपऱ्या!"

झिपऱ्या का, तर तेव्हा माझे केस खांद्यापर्यंत. कंडिशनर लावायचो. ही एकच गोष्ट माझ्याकडं इरफानपेक्षा जास्त होती.

मावशी त्याच्यासाठी दुपारी भाकरी-ठेचा बाजूला ठेवायची. तो ठेचा! वास जिन्याखाली माझ्या स्टुलापर्यंत यायचा. शेवटी मी चेहरा गंभीर करून मावशीला सांगितलं, "मावशी, इरफानला सांगायला लाज वाटते. त्यांच्यात मिरची वर्ज्य असते. धर्माचं आहे."

"आग्ग माय! अन् म्या पोराला रोज बाटवीत व्हते!"

झालं, ठेचा माझा. मी हात धुऊन येऊन बसलो.

मावशीनं इरफानला तूप-गूळ-भाकरी वाढली. वर साय. आणि ठेचा? "त्याच्या म्होरं कशाला करायचा? पोराचा जीव जाईल वासानं." ठेचाच बंद केला!

इरफाननं मला विचारलं, "हे मिरचीचं कुणी काढलं?"

"माहीत नाही रे. तुमच्यातलंच कोणीतरी असेल."

"बरं. जो कोणी असेल त्याला शुक्रिया सांग," म्हणून त्यानं बोटावरची साय चाटली.

*

आणि आता टोपीचं.

एका सकाळी मावशीला गावाहून फोन आला. थोरला दीर वारला. मावशी फोन ठेवून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. आत पाऊल टाकेना. "सुतक लागलं. धा दिवस द्येवाला हात लावायचा न्हाय. मी, वंदना, पिंकी... कुनीच न्हाय."

"मग राहू दे दहा दिवस," मी म्हटलं.

"बिनफुलाचं? द्येवांनी बी म्हनायचं का शेवंताचं घर बुडालं?"

कुणीतरी बाहेरचं हवं होतं. सुनंदाताईंना विचारलं, तर त्यांच्या पुतण्याला मुलगा झालेला, त्यांना सोयर. शाहीनभाभींकडं मावशीनं पाहिलंच नाही, तिला अडचणीत कशाला टाका.

मी ओळखलं, आपला चान्स! आंघोळ करून, केस बांधून पुढं झालो. "मावशी, मी करतो."

मावशीनं मला खालपासून वर पाहिलं. "तू न्हाय. इरफानबाळ करंल."

अरे! मला पूजेतलं 'प' येत नाही हे मान्य, पण त्याच्यापेक्षा तरी...

इरफान म्हणाला, "मावशी, पूजा माझ्याच्यानं होणार नाही. हात जोडणंही नाही. पण रोज ताजं पाणी आणि फूल ठेवीन. घरी आलेल्याला पाणी देतोच ना आपण."

"तेवढंच पायजे. खंडोबाला तुमची मान्सं नवी न्हाईत. जेजुरीला त्याची घोडी कुनी सांभाळली?"

मी जिन्याखाली जाऊन बसलो. रोज सकाळ-संध्याकाळ इरफान चप्पल काढून, जास्वंद घेऊन माझ्यासमोरून जायचा. माझ्या कॉटकडं! शेवटी मी फुटलो. त्याच्यासमोरच मावशीला विचारलं, "माझ्यात काय कमी आहे हो? मिरचीचं अजून मनात आहे का?"

"कुठली मिरची?" इरफान म्हणाला.

मावशीनं कपाळाला हात लावला. "आरं येड्या, तुला सुतक हाय! घरच्याला लागतं. ह्यो परका, म्हनून ह्याला सांगितलं."

इरफानच्या हातातलं फूल तसंच राहिलं. "परका?"

पक्या, मी तो चेहरा फ्रेम करून लावणार होतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "वाईट वाटून घेऊ नको रे. तू पाणी ठेव."

एवढ्यात मावशी मला म्हणाली, "अन् घरचा हायस, तर दहाव्याला चल. भावकीतलं समदं गडी केस काढत्यात. माज्या घरचा बी येक बसाय पायजे."

*

गावचा घाट. न्हावी पोत्यावर बसलेला, भावकी रांगेत. मावशीच्या पुतण्यानं मला बघून विचारलं, "काकी, ह्यो कोन?"

"आमच्या घरचा."

"कुठलं घर?"

तेवढ्यात न्हाव्यानं हाक मारली, "शेवंताबाईच्या घरचं कोन?" सगळे मावशीकडं बघायला लागले. मावशी माझ्या केसांकडं.

मी जाऊन पोत्यावर बसलो.

न्हाव्यानं माझे केस मुठीत धरले. "ह्ये दोन मान्सांचं क्येस हाईत की!"

"मग दोघांचं धर," मावशी म्हणाली. "आमच्यात गडी तसं बी कमीच हाईत."



संध्याकाळी बिबवेवाडीला परत आलो. म्हटलं, आता इरफानला हे टक्कल नीट वळवून वळवून दाखवायचं. गेटमध्ये तोच उभा. इस्त्रीचा शर्ट. आणि डोकं, सफाचट!

"मला पण सुतक लागलं," तो मावशीला म्हणाला. माझ्याकडं त्यानं बघितलंसुद्धा नाही.

मावशी त्याच्या टकलाकडं बघत राहिली. मग माझ्या. मग खोलीच्या दाराकडं.

"आरं मुडद्या! मग आज सांच्याला द्येवाला पानी कोन ठिवंल?"

ही घे टोपी काढली. नीट बघ, हात लाव हवं तर. गळतीचे असे सरसकट जातात का?

बिल, पक्या. आणि तो बघ इरफान येतोय, त्याचाही चहा त्यातच धर. त्याला क्रीमरोल लहान सांग.