सुट्टीत उघडं राहिलेलं वसतिगृह

दिवाळीची सुट्टी लागली की डहाणूच्या त्या कॉलेजचं मुलींचं वसतिगृह एका दिवसात रिकामं व्हायचं. सकाळपासून जिन्यात बॅगा आपटत असायच्या, कुणाची बादली कुणाच्या खोलीत राहिलेली असायची, कुणी चार्जर शोधत असायचं आणि दुपार कलली की सगळं एकदम शांत. जमनाताई मग मजल्यामजल्यावर फिरून पंखे, दिवे, नळ बंद करायच्या. शेवटी फाटकाला कुलूप लावून स्वतःच्या खोलीत यायच्या आणि उगाचच रेडिओ लावायच्या.

जमनाताई इथल्या रेक्टर. मूळच्या सरावलीच्या. घरची चिकूची वाडी, थोडं भात, थोडा भाजीपाला. बी.ए. झाल्यावर लग्न होऊन वापीला गेल्या आणि तिसऱ्या वर्षी परत आल्या. नवऱ्यानं टाकलं असं लोक म्हणायचे. जमनाताई म्हणायच्या, "मी आले." पुढचं कुणी विचारलं तर विषय बदलायच्या.

थोरल्या भावानं, चिमणदादानं, त्यांना घरात घेतलं. भावजयही वाईट नव्हती. पानात गरम वाढायची, सणाला साडी आणायची. पण पाहुणे आले की जमनाताईंचं अंथरूण कुठं घालायचं हा प्रश्न यायचा, आणि तो कुणीच मोठ्यानं विचारायचं नाही. त्या स्वतःच उशी उचलून स्वयंपाकघरात जायच्या. वसतिगृहाची नोकरी मिळाली तेव्हा पगाराआधी त्यांनी विचारलं होतं, "खोली मिळेल ना?"

खोली मिळाली. तिला आतून कडी होती. आपल्या मनानं ती कडी लावायची आणि आपल्या मनानं काढायची, याचं सुख त्यांना पहिली काही वर्षं पुरलं.

कॉलेजात महिला विकास कक्ष होता. सावित्रीबाईंची जयंती, महिला दिन, रक्त तपासणीचं शिबिर, कराटेचा वर्ग, कधी वकीलबाईंचं व्याख्यान असं काहीतरी वर्षभर चालायचं. मुली जमवून आणायचं काम जमनाताईंचं. "अगं, चला, मागच्या रांगा रिकाम्या दिसतात," करत त्या मुलींना आत ढकलायच्या आणि स्वतः दाराशी खुर्ची टाकून बसायच्या. स्त्रीनं स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे त्यांनी त्या दाराशी बसून किती पाहुण्यांकडून ऐकलं असेल! पाहुण्या चहा घेऊन निघून जायच्या. मग सतरंजी कुणी झटकायची यावरून मुलींची भांडणं व्हायची.

कक्षाचं काम प्राजक्ता मॅडमकडे आलं तेव्हा मात्र जरा वेगळं वारं आलं. त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. वयानं तरुण, बोलायला सरळ. विद्यापीठानं गावाकडच्या मुलींसाठी मुंबईला प्रयोगशाळेतलं निवासी शिबिर ठेवलंय, हे त्यांनी शोधून काढलं आणि आपल्या वर्गातल्या कविताचं नाव पाठवलं. कविता तलासरीच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरची. घरी पावसावरचं भात आणि नागली. बोलायची कमी, पण झाडपाला बघताना भान हरपून बघायची. तिची निवड झाली.

शिबिर होतं दिवाळीच्या सुट्टीत, आणि सुट्टी लागल्यावर लगेच नाही, आठवडाभरानं. सुट्टी लागली त्या दिवशी सगळ्या मुली निघाल्या तरी कविता बॅग भरून जिन्यातच बसून होती.

"काय गं, गाडी चुकली का?" जमनाताईंनी विचारलं.

"मॅडम, मी इथंच राहू का? शिबिर सुरू होईपर्यंत?"

"सुट्टीत कुणाला ठेवत नाहीत, तुला माहीत आहे."

"घरी गेले तर परत येणार नाही मी," कविता म्हणाली. "मला पाहायला माणसं येणार आहेत. बाबांनी कबूल केलंय."

प्राजक्ता मॅडम दिवाळीला नाशिकला गेल्या होत्या. प्राचार्यांना फोन करावा तर ते नियम सांगणार, हे ठरलेलंच. जमनाताई थोडा वेळ फाटकाकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "बॅग माझ्या खोलीत ठेव. वरच्या मजल्यावर एकटी झोपू नकोस."

तो आठवडा जमनाताईंच्या आयुष्यातला सगळ्यात बोलका आठवडा. मेस बंद, म्हणून खोलीतल्या शेगडीवर दोघींचा स्वयंपाक. जमनाताई बाजारातून ताजे बोंबील आणायच्या, कविता ते साफ करायची. इतक्या वर्षांत एकटीपुरतं शिजवून हाताला माप बसलं होतं, ते पहिल्या दिवशी चुकलं आणि भात कमी पडला. दोघीही हसल्या. कविता पाड्याचं सांगायची, तिच्या आईचं सांगायची. दुपारी पडल्या पडल्या एकदा तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही सुट्टीत कुठं जात नाही?"

"भाऊबीजेला सरावलीला जाऊन येते."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस इथंच."

"कंटाळा येत नाही?"

जमनाताईंनी कूस बदलली. "झोप आता," म्हणाल्या.

शिबिराला दोन दिवस उरले असताना कविताचे वडील आले. काकड्या त्यांचं नाव. कृश, उंच माणूस, खांद्यावर कापडी पिशवी. सकाळी पाड्यावरून निघून चारोटीला जीप बदलून आले होते. फाटकाबाहेरच उभे राहिले.

"माझी पोर इथं आहे ना, बाय?"

"आहे. आत या, बसा."

ते पायरीवर बसले. कविता दारात आली आणि खांबाला धरून तिथंच थांबली.

"भात उभं आहे शेतात," काकड्या तिच्याकडे न बघता म्हणाले. "माणसं येऊन बसायची आहेत. ही फोन उचलत नाही."

जमनाताईंनी सगळं नीट सांगितलं. विद्यापीठ म्हणजे काय, शिबिर कसलं, मुलींना तिथं कुठं ठेवतात, सोबत कोण असतं. काकड्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मग परत येल ना?"

"तीन आठवड्यांनी येईल."

"तसं नाही विचारत मी. तिथं गोडी लागली, मग येल का?"

हो म्हणणं सोपं होतं. जमनाताईंनी कविताकडे पाहिलं. पोरगी डोळ्यांनी सांगत होती, हो म्हणा.

"बहुतेक नाही येणार," जमनाताई म्हणाल्या. "पुढं शिकेल, लांब जाईल. आधी सुट्टीला येईल. मग सुट्टीलाही जमणार नाही. मी इथून गेलेल्या पुष्कळ मुली पाहिल्यात. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?"

"मॅडम!" कविता एकदम म्हणाली.

काकड्यांनी विचारलं, "तुम्हाला पोरंबाळं?"

"नाहीत."

"मग तुम्हाला कसं कळायचं?"

"नसेल कळत. पण सगळे गेल्यावर मागं राहणाऱ्याला कसं वाटतं, ते मला चांगलं कळतं."

काकड्यांनी मान वर करून त्या रिकाम्या इमारतीकडे पाहिलं. वाळत घालायच्या मोकळ्या दोऱ्या, बंद खिडक्या. मग मुलीला म्हणाले, "तुला जायचं?"

"जायचं, बाबा."

त्यांनी पिशवीतून फडक्यात बांधलेल्या नागलीच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी काढून पायरीवर ठेवली. "आईनं दिलं. वाटेत खायला म्हणून. माणसांना काय सांगायचं ते बघतो मी." आणि पाणीसुद्धा न घेता निघाले. कविता फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेली.

सुट्टीत वसतिगृह उघडं ठेवल्याबद्दल नंतर जमनाताईंना कार्यालयात बोलावून समज देण्यात आली. त्यांनी ती खाली मान घालून ऐकली आणि बाहेर येऊन मेसची भाजी आली का ते बघायला गेल्या.

पुढं सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. कविता शिबिरात चमकली. विद्यापीठात एम.एस्सी.ला गेली, मग पुण्याला संशोधनाला. पहिल्या वर्षी दर रविवारी फोन यायचा. मग सणासुदीला. मग कधीतरी नुसता मेसेज, फुलाचं चित्र असलेला. जमनाताई आपणहून फोन करायच्या नाहीत. कामात असेल, म्हणायच्या.

आणि काकड्या यायला लागले. कोर्टकचेरीचं, तहसीलचं काही काम निघालं की डहाणूला आल्यावर ते वसतिगृहाशी थांबायचे. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळाची रानभाजी आणायचे, नंतर करटोली. त्याच पायरीवर बसायचे. जमनाताई खुर्ची आणून बसायच्या.

"पोरीचा फोन?"

"आला होता. बरी आहे."

"मला नाही आला. आमच्याकडं रेंज नसते."

"तेच असेल."

कधी कधी जमनाताईंनाही कित्येक दिवसांत फोन आलेला नसायचा, तरी त्या आला होता म्हणायच्या. मग चहा पिऊन काकड्या उठायचे.

यंदाच्या महिला दिनाला प्राजक्ता मॅडमनी प्रमुख पाहुणी म्हणून कविताला बोलावलं. जमनाताईंनी ऐकलं आणि दोन दिवस त्यांचं कशातच लक्ष लागेना. पाड्यावरच्या एका शेजाऱ्याच्या फोनवर त्यांनीच काकड्यांना निरोप दिला. कार्यक्रमाच्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून त्या सभागृहाच्या दाराशी आपल्या नेहमीच्या जागी बसल्या.

कविता बदलली होती. केस कापलेले, चष्मा लागलेला, आवाजात ठामपणा. ती छान बोलली. एका शिबिरानं आयुष्य कसं वळलं ते तिनं सांगितलं. विद्यापीठाचे आभार मानले, महिला विकास कक्षाचे मानले, प्राजक्ता मॅडमचं नाव तर दोनदा घेतलं. वसतिगृहाबद्दल एकच वाक्य बोलली, "तेव्हा हॉस्टेलला पाण्याचे इतके हाल असायचे, की आम्ही वर्गात झोपा काढायचो!" सगळ्या मुली हसल्या. जमनाताईही हसल्या.

टाळ्या संपल्या, लोक उठले, आणि तेव्हा काकड्या धापा टाकत आले. धुतलेला शर्ट घामानं अंगाला चिकटला होता. हायवेला गाड्या अडकल्या होत्या.

"झालं?"

"आत्ताच झालं."

ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. आत, लांबवर मुलींच्या घोळक्यात कविता फोटो काढून घेत होती. "काय बोलली?"

"छान बोलली."

"काय बोलली पण?"

जमनाताईंनी पदर सावरला. "तुमचं नाव घेतलं तिनं. म्हणाली, बाबांनी जाऊ दिलं म्हणून मी आज इथं आहे."

काकड्यांचा चेहरा असा उजळला, की जमनाताईंना त्यांच्याकडे बघवेना.

"आणि तुमचं?"

"माझंही घेतलं."

कविता बाहेर आली, वडिलांना बघून पळतच आली आणि तिनं त्यांचे दोन्ही हात धरले. काकड्या लाजून म्हणाले, "तू माझं नाव घेतलंस ना सगळ्यांपुढं. मॅडमबाय म्हणाल्या."

कविताचे हात तिथंच थांबले. तिनं जमनाताईंकडे पाहिलं. जमनाताई दाराचा पडदा नीट करत होत्या.

"हो, बाबा," ती म्हणाली. "घेतलं."

तिनं भाड्याची गाडी आणली होती. वडिलांना घेऊन पाड्यावर मुक्कामाला जायचं तिनं तिथल्या तिथं ठरवलं. वडिलांना गाडीत बसवून ती परत मागं आली. "मॅडम, तुम्ही पण चला ना. आई खूश होईल. उद्या सकाळी मी आणून सोडते."

"संध्याकाळी मुलींची हजेरी असते गं."

"मी घेते की हजेरी," शेजारी उभ्या असलेल्या प्राजक्ता मॅडम म्हणाल्या.

"नको, नको. तुम्हाला कशाला त्रास? पुन्हा कधीतरी येईन."

बोलावल्यावर कुणाच्या घरी जायचं असतं, ही सवयच त्यांची गेली होती. गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा त्यांना वाटलं, हाक मारावी. तोवर ती वळणाआड गेली होती. त्यांनी मुलींना खुर्च्या लावायला सांगितलं. रिया नावाची नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, त्या आपल्याच हॉस्टेलच्या ना? कुठल्या खोलीत राहायच्या?"

"वरच्या," जमनाताई म्हणाल्या. "कोपऱ्यातल्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पाड्यावर रेंज नव्हती म्हणून कविता टेकडीवर चढून बोलत होती, वाऱ्याचा आवाज येत होता.

"मॅडम, तुम्ही बाबांना असं का सांगितलंत?"

"इतक्या लांबून आले होते ते."

"मी घ्यायला हवं होतं नाव. दोघांचं." मग ती म्हणाली, "बाबा विचारतायत, तुम्ही का नाही आलात?"

"तू जेवलीस का?" जमनाताईंनी विचारलं.

येत्या उन्हाळ्यात त्या निवृत्त होतायत. चिमणदादा म्हणाला, "जमने, घर तुझंच आहे, ये." त्याचा शब्द खोटा नाही, हे त्यांना ठाऊक आहे. तरी त्यांनी इथंच डहाणूत, मसोलीला एक खोली बघून ठेवली आहे. परवा काकड्या आले होते, तेव्हा त्यांनाही सांगितलं.

"मग मी आलो तर कुठं येऊ?" काकड्यांनी विचारलं.

जमनाताईंनी स्टेशनपासूनचा रस्ता सांगितला. काकड्यांना तो नीट कळला नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.