खोटकाका आणि शनिवारचं व्याख्यान

पक्षी मंडळातली माणसं त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे खोटकाका. चौतीस वर्षं त्यांनी कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात उभं राहून कापड तपासलं होतं. समोरून सरकणाऱ्या कापडावर नजर ठेवायची, धागा तुटलेला दिसला की बोट टेकवायचं आणि म्हणायचं, "खोट आहे." निवृत्तीनंतर कापड सुटलं, सवय सुटली नाही. तळ्यावर चक्रवाक दिसला असं कोणी म्हणायचा अवकाश, काकांची उलटतपासणी सुरू व्हायची. उजेड कुठल्या बाजूने होता, पाठ दिसली की पोट, बरोबर कोण होतं, आणि ते बरोबरचे आज का आले नाहीत? मंडळाच्या अध्यक्ष एक दंतवैद्य होत्या, सगळ्यांच्या डॉक्टरबाई. त्या म्हणायच्या, "काका स्वतःच्या वाढदिवसालाही जन्मदाखला मागतील."

आणि अशा माणसाच्या हाती मंडळाने शनिवारच्या ऑनलाइन व्याख्यानांचा कारभार दिला. लांबलांबच्या अभ्यासकांना फोन करायचा, तारीख ठरवायची, संध्याकाळी सातला एकेकाला आत घ्यायचं आणि सगळ्यांचे आवाज बंद करायचे, पाहुण्यांचा आणि आपला तेवढा उघडा ठेवायचा. काका हे काम वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखं करत. पडद्यावर नाव नीट दिसलं नाही तर माणूस बाहेर. एकदा खुद्द पाहुणे वीस मिनिटं ताटकळले, कारण त्यांनी आपल्या आईचा फोन वापरला होता आणि काकांना पडद्यावर नुसतं 'आई' दिसत होतं. "आई कोणाचीही असू शकते," काका नंतर म्हणाले.

पण त्यांच्या संशयाला कारण होतं, आणि ते साधं नव्हतं. आदल्या वर्षी नदीकाठच्या एका बंद गोदामात गव्हाणी घुबडांच्या जोडीने चार पिल्लं काढली होती. पांढऱ्या, बदामाच्या आकाराच्या चेहऱ्याची ही घुबडं. काकांनीच ती शोधली होती आणि मोठ्या कौतुकाने मंडळाच्या सभेत जागा सांगितली होती. आठ दिवसांत तिथे जत्रा. लांब नळ्यांचे कॅमेरे, मोठे दिवे, शिड्या. मोठी घुबडं घाबरून उडून गेली ती परतलीच नाहीत. पिल्लं काकांनी आपल्या हाताने पुरली. जागा बाहेर कोणी फोडली ते कळलं नाही, पण सभेला मंडळाचीच माणसं होती. त्या दिवसापासून काकांनी नियम केला: घरट्याची जागा कोणी कोणाला सांगायची नाही, विचारायची नाही, तिच्याबद्दल बोलायचंसुद्धा नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. काका पाणीही फुंकायला लागले.

आणि यंदा घुबडांनी घर केलं ते थेट त्यांच्याच डोक्यावर.

काकांच्या इमारतीच्या गच्चीत एक जुनी सिमेंटची टाकी होती, कित्येक वर्षं कोरडी. तिची एक बाजू फुटलेली. त्या भोकातून एका संध्याकाळी पांढरं काहीतरी बाहेर पडताना काकांनी पाहिलं. पुढे एकदाच, भर दुपारी, काठीला आरसा बांधून त्यांनी आत डोकावलं. कापसाचे दोन गोळे दिसले. बास. पुन्हा बघायचं नाही असं त्यांनी स्वतःला बजावलं, गच्चीला दुसरं कुलूप ठोकलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं की स्लॅब कमकुवत झालाय, वर जाऊ नका. घरात फक्त सून होती. मुलगा परगावी नोकरीला, शनिवार-रविवारही येईलच असं नाही. सून रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला, स्वभावाने शांत. काकांनी तिला बोलावून सांगितलं, "वर काय आहे ते तुला कळलं असेल. या विषयावर या घरात एक अक्षर निघता कामा नये."

"बरं बाबा," ती म्हणाली, आणि खरोखरच एक अक्षर काढलं नाही.

काका शनिवारी आपल्या खोलीत खिडकीशी बसत. खिडकी मुद्दाम उघडी. गच्चीच्या जिन्यावर कोणाचं पाऊल वाजलं तर कळावं म्हणून. कानांवर मोठे हेडफोन. पिल्लांची मात्र त्यांना कमाल वाटायची. गव्हाणी घुबडाची पिल्लं दिवेलागणीला भुकेने घोरल्यासारखी खरखर लावतात, हे काकांना पाठ होतं. पण ही दोघं मुकी. 'यंदाची पिल्लं शहाणी आहेत,' काका मनात म्हणत, 'आईबाप पोटभर घालत असणार.'

पिल्लं दिसल्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी त्यांना पहिल्यांदा काहीतरी खटकलं. पाहुण्या बाई समुद्रपक्ष्यांवर बोलत होत्या. सव्वासात झाले असतील. पडद्यावरच्या चौकटींतली डोकी हळूहळू एका बाजूला कलली. आधी डॉक्टरबाई, मग निवृत्त ग्रंथपाल, मग मंडळातली जुळी भावंडं. डॉक्टरबाई गालात हसल्या. समुद्रपक्ष्यांत हसण्यासारखं काय होतं? आणि मंडळातला वायरमन, पंख्या-मिक्सरची दुरुस्ती करणारा, चाळिशीचा माणूस, त्याने मान खाली घालून वहीत काहीतरी टिपलं.

तिसऱ्या शनिवारी तेच, जवळपास त्याच वेळेला. काकांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हे लोक एकमेकांना गुपचूप निरोप पाठवतात की काय? कशाबद्दल? मला काढून दुसऱ्याला बसवायचं घाटतंय? की त्याहून वाईट?

चौथ्या शनिवारी तर हद्द झाली. पाहुण्या निशाचर पक्ष्यांच्या अभ्यासक होत्या. त्या वाक्याच्या मध्येच थांबल्या, कान टवकारल्यासारख्या झाल्या आणि म्हणाल्या, "एक मिनिट, तुमच्यापैकी कोणाकडे..."

डॉक्टरबाईंनी खाडकन मध्येच विचारलं, "मॅडम, मागचं चित्र पुन्हा दाखवता का? तो उंदराच्या कवटीचा फोटो?"

पाहुण्या क्षणभर गोंधळल्या, मग काहीतरी उमगल्यासारखं हसल्या आणि मागे गेल्या. काकांचं रक्त तापलं. डॉक्टरबाईंचा आवाज आपण बंद केला होता. त्यांनी तो आपण होऊन उघडला होता. कशासाठी? पाहुण्या काय विचारणार होत्या? यात नक्की पाणी मुरत होतं, आणि वायरमन पुन्हा लिहीतच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्याला फोन लावला.

"व्याख्यान चालू असताना तू काय लिहितोस रे?"

"काही नाही काका. वेळ लिहितो."

"कसली वेळ?"

"अशीच. सवय आहे."

"वायरमनला कसली वेळ लिहायची सवय? मला शिकवू नकोस. चौतीस वर्षं धागा ओळखलाय मी."

तो ताकास तूर लागू देईना. काकांनी मग मागचंही सगळं उकरलं. पक्षीगणनेत तू शिंपी लिहितोस, सूर्यपक्षी लिहितोस, मी शेजारी उभा असून मला एकही ऐकू येत नाही, म्हणून तुझ्या नोंदी मी दोन वर्षं कापतोय. तरी तू सुधारत नाहीस. येत्या शनिवारी तुला आत घेणार नाही.

"बरं," वायरमन म्हणाला. फोन ठेवता ठेवता पुढे म्हणाला, "पण काका, ती खिडकी लावून घेत जा."

माझी खिडकी याला काय माहीत? त्याच दिवशी त्यांनी गच्चीला तिसरं कुलूप लावलं. पाचव्या शनिवारी वायरमनचं नाव बाहेर ताटकळत दिसलं आणि काकांनी ते तसंच ताटकळू दिलं. आत मात्र सव्वासातला डोकी कललीच, आणि या वेळी कोणी हसलं नाही. डॉक्टरबाईंनी तर नंतर निरोपही पाठवला: 'काका, त्याच्याबद्दल पुन्हा विचार करा. तो तुमचाच माणूस आहे.' माझा माणूस! म्हणजे बाकीचे कोणाचे?

रविवारी दुपारी काकांनी पाचही व्याख्यानांची रेकॉर्डिंग्ज काढली. कापड तपासावं तशी इंच इंच पाहिली. कोण कोणत्या मिनिटाला कोणाकडे बघतो, याचा कागदावर तक्ता केला. डोळे दुखायला लागले, पण धागा कुठे तुटलाय ते सापडेना. शेवटी त्यांनी सुनेला हाक मारली.

"तुझे डोळे तरुण आहेत. हे सगळे कुणाकडे बघतायत, सांग."

सुनेने हेडफोन काढून ठेवले, आवाज मोठा केला आणि पाहायला लागली. अर्धं मिनिटही झालं नसेल.

"बाबा, हे बघत नाहीयेत. ऐकतायत."

"काय ऐकतायत?"

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे. "पिल्लं. तुमच्या माइकमधून. केवढ्याने ओरडतायत. इथे बघा, सात वाजून बारा मिनिटांनी सुरू झाली ती संपेपर्यंत आहेत."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"माझ्या खोलीतसुद्धा येतो आवाज. रोज. मला वाटलं तुम्हालाही येतोच." ती थांबली. "तुम्ही बोलायचं नाही म्हणाला होतात."

संध्याकाळी सातला ती आपण होऊन त्यांच्या खोलीत आली आणि खिडकीशी उभी राहिली. थोड्या वेळाने तिने बोट वर केलं: आता. काकांनी कान दिला. रस्त्यावरची मोटार ऐकू आली, खालच्या मजल्यावरचं दार आपटल्याचं ऐकू आलं. सून बोट वर धरून उभीच होती. वरून काहीही ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत. मागांनी त्यांचे कान कधी खाल्ले हे त्यांना कळलंच नव्हतं. माणसांचं बोलणं कळत होतं, बारीक आवाज तेवढे एकेक करून निघून गेले होते. शिंपी, सूर्यपक्षी, चिमणीएवढं जे काही बारीक किलबिलतं ते सगळं. आणि त्यांनी काय केलं होतं? 'गावातले छोटे पक्षी घटले' म्हणून मंडळाच्या वार्षिकात तीन पानी लेख लिहिला होता. वायरमनच्या नोंदींवर लाल रेघा मारल्या होत्या.

पण त्याहून एक गोष्ट त्यांना झोपू देईना. एकतीस माणसं. पाच शनिवार. ज्या गुपितासाठी त्यांनी तीन कुलुपं लावली, तेच ते स्वतः दर आठवड्याला एकतीस घरांत पोहोचवत होते. काकांच्या घराच्या वर काय आहे हे मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि एकही माणूस जिन्यावर आला नव्हता. याचा आनंद व्हायला हवा होता. आधी लाज वाटली, आणि बराच वेळ लाजच वाटत राहिली.

सोमवारी सकाळी ते वायरमनच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे एका माणसाला वळता येईल एवढी जागा. भिंतीवर पंख्यांची पाती टांगलेली, टेबलावर पंख्याचा उघडा रेग्युलेटर. वायरमनने मान वर केली, स्टूल पुढे सरकवलं आणि पुन्हा डागणीने तारांना डाग द्यायला लागला. रागावलेला दिसला नाही. त्यामुळे काकांना अजूनच अवघड झालं.

"माझं चुकलं," काका म्हणाले.

"जाऊ दे हो काका. तुमची भीती कळते मला. त्या निशाचरवाल्या बाई मंडळाबाहेरच्या होत्या, त्यांच्या लक्षात आलं म्हणून मी खिडकीचं बोललो. नाहीतर मी कशाला खिडकी लावा म्हणेन? आम्ही सगळे शनिवारची वाट बघतो." त्याने फुंकर मारली. "पहिल्या दिवशी आवाज आला ना, तेव्हा डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला म्हणाल्या, काकांनी बोलायचं नाही असा नियम केला, म्हणून ते बोलत नाहीत, ऐकवतायत. गोदामाचं एवढं होऊनही आपल्यावर विश्वास टाकतायत. मग ठरलं की कोणी तोंड उघडायचं नाही. आपापसातसुद्धा नाही."

मान डोलावली असती तर सगळं निभावलं असतं. कोणाचं काही बिघडलं नसतं. पण खोट दिसत असताना कापड पुढे सोडणं त्यांना चौतीस वर्षांत जमलं नव्हतं.

"मला ऐकूच येत नव्हतं रे," ते म्हणाले. "काल सुनेने सांगितलं तेव्हा कळलं. आणि विश्वास म्हणशील, तर तोही नव्हता. खिडकी तुमच्यापैकी कोणी आलं तर कळावं म्हणून उघडी होती."

वायरमनने डागणी खाली ठेवली. मग टेबलाच्या खणातून वही काढली आणि काकांसमोर उघडून धरली.

"किती वाटतात तुम्हाला?"

"दोन."

"तीन आहेत. तिसरं उशिरा निघालंय, त्याचा आवाज बारीक आहे. आईबाप कितीदा खायला घेऊन येतात ते लिहितोय मी. आवाज एकदम वाढतो ना, तेव्हा. परवाच्या शनिवारचं नाही, मला तुम्ही आत घेतलं नव्हतं."

काकांनी वहीवरून बोट फिरवलं. तारखा, वेळा, स्वच्छ अक्षर. तीन पिल्लं, आणि त्यांतलं एकही त्यांनी ऐकलेलं नाही.

"शनिवारी सगळ्यांसमोर सांगतो," ते म्हणाले.

"काय?"

"की मला ऐकू येत नाही. गणनेतल्या तुझ्या नोंदीही परत घालतो."

"सांगा की. त्यात काय लाजायचं?"

"आणि ते दुसरंही सांगतो. विश्वासाचं."

वायरमनने डागणी पुन्हा उचलली.

"ते नका सांगू काका," तो म्हणाला. "लोकांना फार बरं वाटलंय."