पेन्सिलीनं लिहिलेलं
सर्वोच्च न्यायालयाच्या तळघरात टाकेबाई बावीस वर्षं खटल्यांचे कागद शिवत होत्या. टाकेबाई हे नाव कामावरून पडलेलं. खरं नाव पगारपत्रकात तेवढं उरलं होतं. न्यायाधीश नऊ, म्हणून प्रत्येक मोठ्या खटल्याच्या प्रती नऊ. कुठल्या न्यायाधीशांना टिपणांसाठी समास रुंद लागतो, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं.

त्यांचा मुलगा सात वर्षं तुरुंगात होता. तो राखत असलेल्या गोदामाला आग लागली, आत झोपलेला हमाल गेला, आणि दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली मुलाकडे. त्याचं अपील नऊही न्यायाधीशांनी ऐकून संपवलं होतं. शुक्रवारी निकाल यायचा होता. हा आपला मुलगा, हे टाकेबाईंनी कचेरीत कोणाला कळू दिलं नव्हतं.

न्यायाधीश नवाचे पंधरा करायचा प्रस्ताव गेले काही महिने गाजत होता. तळघरात चहाबरोबर तोच चघळला जाई.

"निकाल मनासारखे लागत नाहीत, तर खुर्च्याच वाढवा," शेजारच्या टेबलावरचे नकला उतरवणारे कारकून म्हणत. "नाचता येईना म्हणून सरकार अंगणच नवं बांधतंय."

"तुम्हाला सगळ्यात काळंबेरं दिसतं, दादा," टाकेबाई म्हणत. "मला एकटीला आठवडा लागतो ते काम तिघींत दोन दिवसांत उरकतं. माणसं वाढली की काम हलतं."

"हे शिवणकाम नव्हे, बाई. इथे पंधरा जण मिळून एकच टाका घालणार. तोही पटला तर."

मंगळवारी कायदा मंजूर झाला. बुधवारी हेडक्लार्क जिना उतरून खाली आले. ज्या खटल्यांचा निकाल दिलेला नाही, ते पंधरा जण पहिल्यापासून ऐकणार. जुन्या नऊ प्रती खाली येतील. त्यांवरची पेन्सिलीची टिपणं खोडून कागद स्वच्छ करायचे आणि सहा प्रती नव्या शिवायच्या. मग पंधराही प्रती मिसळून वाटायच्या.

"नव्यांच्या मनावर जुन्यांची सावली नको," ते म्हणाले. "एक शब्द जरी राहिला, तरी कोणीतरी हरकत घेईल आणि तो खटला रांगेत शेवटी जाईल. मी पानन् पान बघणार आहे."

टाकेबाईंनी मान डोलावली. माणसं वाढली की काम हलतं, हे आपणच म्हणत होतो, एवढंच त्यांच्या मनात आलं.

शुक्रवारी मुलाचा खटला टेबलावर आला. खोडताना त्या कधी वाचत नसत. आज वाचलं. एका समासात बारीक अक्षरात होतं, 'किल्ल्या दोन होत्या. दुसरी मालकाकडे. त्याला कोणी विचारलं का?' दुसऱ्या प्रतीच्या शेवटच्या पानावर, 'पुरावा अपुरा. सोडावा.' मग त्यांनी नऊही प्रतींची शेवटची पानं शेजारी शेजारी उघडून ठेवली. तिघांनी शिक्षा कायम म्हटलं होतं. एकानं काहीच लिहिलं नव्हतं. पाच जणांनी, पाच तऱ्हांच्या अक्षरांत, सोडावा.

"कोणाचा खटला एवढा मन लावून वाचताय?" शेजारच्या कारकुनांनी विचारलं.

"अक्षर लागत नाही," त्या म्हणाल्या आणि रबर उचललं.

चार प्रती झाल्या, सहा झाल्या. दोन किल्ल्यांपाशी मात्र हात थबकला. एवढंच राहू द्यावं. नव्या सहांपैकी एकाच्या तरी नजरेला पडेल. पण त्याआधी हेडक्लार्कच्या नजरेला पडेल. त्यांनी ते खोडलं. कागदावर अक्षरांचा दाब उरला होता, तो बोटाला लागत होता. डोळ्यांना दिसत नव्हता. रबराचा भुगा फुंकून त्यांनी सुईत दोरा ओवला.

रविवारी त्या भेटीला गेल्या. जाळीपलीकडचा मुलगा आणखी वाळला होता.

"म्हणजे परत पहिल्यापासून?"

"हो. पुढे चाळीस खटले आहेत."

तो बराच वेळ जाळीवरचा गंज नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "आई, त्या नऊ जणांच्या मनात काय होतं, खाली तुमच्याकडे काही कळतं का गं?"

"आम्हाला कोण सांगतंय रे. आम्ही नुसते शिवतो."

"बरंय," तो म्हणाला. "कळलं असतं तर झोप लागली नसती."